मिसळणे सोपे, निवडणे अवघड

साबुदाणा, मोहरी आणि रवा प्रत्येकी एकेक चमचा घ्या. तिन्ही एका ताटलीत टाकून बोटाने पाच सेकंद ढवळा. आता ते पुन्हा वेगळे करा. चाळणी वापरली तर रवा बराचसा खाली पडेल. उरलेले दाणे मात्र एकेक करून निवडावे लागतील. मुलांबरोबर हा प्रयोग आम्ही अनेकदा केला आहे. मिसळायला पाच सेकंद पुरतात, निवडायला अर्धा तास लागतो, आणि एवढे करूनही रव्यात एखादी मोहरी सापडतेच.

आता पुन्हा तेच मिश्रण करा आणि त्यात दोन चमचे पाणी घाला. थोड्या वेळाने रव्याचा चिकट लगदा होतो, साबुदाणा फुगतो, मोहरी त्यात रुतून बसते. यापुढे चाळणीही उपयोगाची नाही. कोरडे मिश्रण निदान चिकाटीने निवडता येत होते. ओले झाल्यावर निवडण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही.

शहरातल्या कचऱ्याचा प्रश्न हा बराचसा या ताटलीचा प्रश्न आहे. घरात निर्माण होताना कचरा वेगवेगळाच असतो. भाजीची देठे विळीपाशी असतात, वर्तमानपत्र टेबलावर, दुधाची पिशवी ओट्यावर आणि फुटकी बरणी कोपऱ्यात. हे सगळे एका बादलीत टाकण्याचे काम आपण करतो, तेही पाच सेकंदांत. पुढचा अर्धा तास कोणाचा जातो, कोणाच्या हातांनी ती निवड होते आणि जी निवड होतच नाही त्याचे काय होते, हे या लेखात पाहायचे आहे. उदाहरण म्हणून पुणे शहर घेतले आहे. इथे या निवडीभोवती गेल्या तीसहून अधिक वर्षांत माणसांचे एक जाळे विणले गेले आणि ते अभ्यासण्यासारखे आहे.

वीस मण्यांचा हिशोब

आधी ताटलीचे शास्त्र पाहू. दहा पांढरे आणि दहा काळे मणी एका ओळीत मांडायचे आहेत. अशा एकूण १,८४,७५६ वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात. त्यांपैकी सगळे पांढरे एका बाजूला आणि सगळे काळे दुसऱ्या बाजूला अशा मांडण्या फक्त दोन आहेत. म्हणजे डोळे मिटून मणी मांडले तर ते मिसळलेले असण्याची शक्यता प्रचंड आहे, आणि आपोआप निवडले जाण्याची शक्यता जवळजवळ शून्य. भौतिकशास्त्रात याच कल्पनेला एन्ट्रॉपी म्हणतात. मिसळलेल्या स्थितीकडे जाणे हा पदार्थांचा सहज कल असतो. उलट दिशेने जायचे असेल तर ऊर्जा खर्च करावी लागते. शिवाय ‘हा मणी कोणता?’ हे ओळखणारे कोणीतरी लागते. म्हणजे कष्ट हवेत आणि ज्ञानही हवे.

कचऱ्याच्या बाबतीत हे ओळखण्याचे ज्ञान मोठे असते. प्लॅस्टिकचेच पाहा. पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते ते पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३८ ग्रॅम. तिचे झाकण पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएथिलीनचे, घनता ०.९० ते ०.९६. ही प्लॅस्टिके एकत्र वितळवली तर ती एकजीव होत नाहीत, आणि तयार होणारी वस्तू ठिसूळ निघते. म्हणून ती वेगळी करावीच लागतात. प्रयोगशाळेत यासाठी आम्ही अवरक्त वर्णपटाचे उपकरण वापरतो. भंगाराच्या दुकानात बसलेली बाई मात्र पिशवी हातात चुरगाळते आणि आवाजावरून सांगते. चुरचुर वाजली तर एक ढीग, मऊ निघाली तर दुसरा. पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पापुद्रा अधिक ताठ असतो म्हणून तो वाजतो. दुधाच्या पिशवीचे पॉलिएथिलीन मऊ असते म्हणून ते वाजत नाही. कारण ठाऊक नसले तरी तिची परीक्षा शास्त्रशुद्ध आहे.

कुजणे आणि नासणे

भारतातल्या शहरांच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरातला असतो. या भागाचे दोन प्रकारे विघटन होते. व्यवहारात आपण दोन्हीला ‘कुजणे’ म्हणत असलो तरी त्यांतला फरक मोठा आहे.

हवा खेळती असेल तर ऑक्सिजन वापरणारे जिवाणू आणि बुरश्या काम करतात. अन्नातील कार्बनचे कार्बन डायऑक्साइड होते, पाणी बाहेर पडते आणि उष्णता निर्माण होते. चांगला रचलेला ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या तापमानाला रोगजंतू आणि तणांचे बी बहुतांशी मरून जाते. मागे उरते ते मातीचा वास असलेले खत.

हवा नसेल तर दुसरेच जिवाणू ताबा घेतात. सेंद्रिय आम्ले तयार होतात, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि हळूहळू मिथेन तयार होऊ लागतो. शंभर वर्षांच्या काळाचा हिशोब केला तर एक किलो मिथेन हा सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वीची तापमानवाढ घडवतो. बंद टाकीत मुद्दाम हा वायू तयार करून जाळला तर ते उत्तम इंधन, कारण तोच आपला गोबरगॅस. पण उघड्या ढिगाऱ्यातून तो निसटला तर वातावरणात जातो, आणि पेटला तर महिनोन्महिने धुमसत राहतो.

मग ढिगाला हवा का मिळत नाही? ढीग तर उघड्यावरच असतो! याचे उत्तर पाण्यात आहे. ऑक्सिजनचे रेणू हवेतून जितक्या सहजतेने पसरतात त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश ते पाण्यातून पसरतात. कचरा फार ओला झाला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात आणि नवा ऑक्सिजन त्या वेगाने आत पोहोचत नाही. ढीग उघडा असला तरी आतून गुदमरलेला असतो.

हे सारे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही आमच्या वसाहतीत खतासाठी पहिला हौद बांधला तेव्हा तो तीन आठवड्यांत इतका नासला की तळमजल्यावरच्या कुटुंबांनी खिडक्या उघडणे बंद केले. आम्ही विज्ञानातले चार पदवीधर हौदाभोवती उभे राहून कोणते जिवाणू संवर्धन विकत आणावे यावर चर्चा करत होतो. रोज कचरा न्यायला येणाऱ्या मावशी शेजारी थांबून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही त्याला नुसती आमटीच वाढताय. जरा भाकरी पण द्या की. हा एवढा पाला झाडून जाळता, तो घाला त्यात.”

मावशी म्हणाल्या ते कर्ब-नत्र गुणोत्तर. जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग मिळाले तर कुजण्याचे काम नीट चालते. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असते, म्हणजे नत्र जास्त. जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडते आणि वास येतो. वाळलेल्या पानांत हे प्रमाण ४० च्या वर, कधी ८० पर्यंत जाते. दोन्ही मिसळले की गणित जुळते. शिवाय कोरडी पाने जादा पाणी शोषतात आणि ढिगात पोकळ्या ठेवतात, त्यामुळे हवाही आत जाते. पाणी किती असावे याची घरगुती कसोटी अशी: मूठभर मिश्रण घट्ट पिळावे. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाला हवा आणि काहीच आले नाही तर पाणी शिंपडायला हवे.

पाला घालायला लागल्यावर पंधरवड्यात वास गेला. त्याबरोबर गल्लीत पालापाचोळा जाळणेही थांबले, कारण तो आता हवाहवासा झाला होता.

पाण्याचा प्रवास

हौद करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काही शेजाऱ्यांनी विचारला होता. महानगरपालिका कर घेते, तिने कचरा न्यावा. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही आकड्यांनी दिले.

समजा, तीनशे घरांची एक वसाहत आहे आणि प्रत्येक घरातून रोज एक किलो कचरा निघतो. त्यातला अर्धा, म्हणजे १५० किलो, ओला. वर्षाचे झाले जवळजवळ ५५ टन. ओल्या कचऱ्यात साधारण ७० टक्के पाणी असते असे धरू. म्हणजे ही वसाहत रोज १०५ किलो पाणी गाडीत भरून, डिझेल जाळून, दुसऱ्याच्या गावाला पाठवते. तेच जागेवर कुजवले तर पाणी तिथल्या तिथे उडून जाते आणि हाती येते त्याचे वजन मूळ वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते.

‘मग सगळे जाळून वीज का करू नये?’ हाही नेहमीचा प्रश्न. एक किलो ओल्या कचऱ्यात ३०० ग्रॅम कोरडा भाग. पिष्टमय अन्नातून दर ग्रॅमला चार किलोकॅलरी मिळतात हे आपण शाळेत शिकवतोच. त्या हिशोबाने ३०० ग्रॅममध्ये सुमारे ५,००० किलोज्यूल ऊर्जा. पण आधी ७०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला हवी. त्यासाठी लागतात सुमारे १,८०० किलोज्यूल. एकतृतीयांशाहून अधिक ऊर्जा नुसते पाणी उडवण्यात गेली. ओले सरपण फुंकून डोळे लाल करून घेतलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. मिसळलेल्या कचऱ्यावर चालणारे प्रकल्प अडखळतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आणि ‘दुसऱ्याचे गाव’ हा शब्द आम्ही उगीच वापरलेला नाही. पुण्याचा कचरा १९९० च्या दशकापासून शहराच्या आग्नेयेस उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊन पडू लागला. ढिगाऱ्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरींत उतरले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या विहिरींचे पाणी पिऊन लोक जगले, तिथे टँकर यायला लागला. ग्रामस्थांनी पुन्हा पुन्हा आंदोलने करून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि दरवेळी शहरात कचराकुंड्या तुंबल्यावरच शहराला त्या गावांची नावे आठवली. आपण बादलीत काय मिसळतो याचा परिणाम आपल्याला दिसत नाही, कारण तो दिसायच्या आत गाडी निघून गेलेली असते.

कागद, काच, पत्रा

या न दिसणाऱ्या परिणामाला चेहरा कसा मिळाला, याची हकीकत शिक्षकांना विशेष जवळची वाटेल, कारण तिची सुरुवात एका शिक्षणाच्या कामातून झाली. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग घेत होत्या. मुले वर्गात टिकत नव्हती. का टिकत नाहीत हे पाहण्यासाठी त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर पहाटे कोंडाळ्यांवर जाऊ लागल्या. तिथे दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, कोंडाळ्यात मिसळलेल्या, भिजलेल्या कचऱ्यातून निवडताना हात कापतात, कुत्री चावतात आणि भिजलेल्या कागदाला भाव येत नाही. दुसरी, तोच कागद घराच्या दारात कोरडा मिळाला तर कमी वेळात जास्त कमाई होते, आणि आईची कमाई वाढली तर मूल शाळेत येऊ शकते. निवडीची जागा कोंडाळ्यावरून दारात आणणे हा साधा उपाय होता. पर्यावरणाचा विचार आणि पोटाचा विचार इथे एका रेषेत आले.

१९९३ साली पुण्यात कचरावेचकांची परिषद झाली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाचा आधार तिला होता. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्यासारख्या कार्यकर्त्या सुरुवातीपासून या कामात होत्या. संघटनेच्या नावाकडे नीट पाहा. ती निवडलेल्या पदार्थांची यादी आहे. ज्यांना लोक ‘कचरेवाल्या’ म्हणत होते त्यांनी स्वतःची ओळख कचऱ्याशी न जोडता, त्यातून वेगळ्या काढलेल्या उपयोगी वस्तूंशी जोडली. प्लॅस्टिक त्या नावात नाही. तिकडे पुढे वळू.

संघटनेच्या प्रयत्नांतून कचरावेचकांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. पहाटे पाठीवर पोते घेऊन निघालेल्या बाईला चोर समजून अडवले जात असे. तिच्या दृष्टीने त्या कार्डाची किंमत काय असेल याची कल्पना करावी. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. ते काम यंत्रे आणि ठेकेदार यांच्याकडे गेले असते तर या हजारो बायकांचा रोजगार बुडाला असता. त्याऐवजी कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. संस्थेचे सभासद दारातून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात. घराकडून दरमहा ठरावीक शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातून निघालेले भंगार विकण्याचा हक्क त्यांचाच असतो. तीन हजारांहून अधिक सभासद लाखो घरांच्या दारात रोज जातात.

याच्याभोवती आणखी धागे जोडले गेले. कुठे वसाहतीची समिती, कुठे टेकडीवर रोज फिरायला येणारा गट, कुठे नदीसाठी काम करणारे तरुण, कुठे शाळा. गणेशविसर्जनाच्या दिवशी घाटांवर निर्माल्य नदीत जाण्याआधी गोळा केले जाते, त्यात कचरावेचक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी उभे असतात. खत करणाऱ्या वसाहतींना महानगरपालिकेने मालमत्ता करात सवलत दिली. यांतल्या कोणाचेही काम एकट्याने पुरे पडणारे नाही, पण एकाचे काम दुसऱ्याचे सोपे करते.

वीस घरांची बादली

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. लोकांना एकदा नीट सांगितले, पत्रके वाटली, की ते कचरा वेगळा ठेवतील, मग हे जाळे कशाला हवे?

पुन्हा थोडे गणित. वीस घरांचा ओला कचरा एका मोठ्या बादलीत गोळा होतो. प्रत्येक घर शंभरपैकी ९५ दिवस कचरा बिनचूक वेगळा करते असे धरू. हे प्रमाण चांगलेच म्हणायला हवे. मग एखाद्या दिवशी बादली पूर्ण शुद्ध असण्याची संभाव्यता किती? ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. तीन दिवसांपैकी जवळजवळ दोन दिवस बादलीत काहीतरी चुकीचे असणारच, आणि ते चुकीचे म्हणजे एखादे ब्लेड किंवा फुटका बल्ब असू शकतो. प्रत्येक घराची अचूकता ९९ टक्के झाली, तर हीच संभाव्यता सुमारे ०.८२ होते. पहिल्या ९५ टक्क्यांपर्यंत पत्रकाने पोहोचता येत असेल. पुढच्या चार टक्क्यांसाठी मात्र चूक झाली की लगेच, त्याच दारात, त्याच माणसाला कळावी लागते.

यंत्रशास्त्रात याला प्रतिपोषण म्हणतात. इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते, कारण तापमानाची खबर विद्युतप्रवाह चालू-बंद करणाऱ्या खटक्यापर्यंत तत्काळ पोहोचते. मोठ्या गाडीत कचरा टाकला तर ही खबर परत येण्याचा मार्गच नसतो. दारात येणारी बाई “ताई, काल काच होती हो पिशवीत” असे म्हणते, आणि ती खबर चोवीस तासांत योग्य ठिकाणी पोहोचते. शहर हे एक यंत्र मानले, तर त्याचा तापमापक म्हणजे हा संवाद.

यात एकच अडचण आहे, पण ती मोठी आहे. ज्या व्यक्तीला चूक दिसते तिला बोलण्याची मुभा हवी. आमच्या वसाहतीत दीड वर्ष मावशी काचेबद्दल कोणालाच बोलल्या नव्हत्या. तळहातावर पट्टी दिसल्यावर आम्ही विचारले, तेव्हा म्हणाल्या, “सांगून काय करता? काम जायचं.” जिथे बोलले की काम जाण्याची भीती असते तिथे खबर परत फिरत नाही, आणि तापमापक तुटलेल्या इस्त्रीसारखे सगळे चटके देत राहते. म्हणून ओळखपत्र, संघटना, ठरलेले शुल्क आणि करार या गोष्टी निव्वळ सामाजिक न्यायाच्या नाहीत. कचऱ्याची व्यवस्था चालण्यासाठी त्या तांत्रिक गरजा आहेत, असे आमचे मत झाले आहे.

जाळ्याच्या मर्यादा

लोकांच्या जाळ्याने सर्व काही होईल असे मात्र मानू नये. वेफर्सचे चकचकीत पाकीट घ्या. त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन वेगवेगळे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. हे कारखान्यातच केलेले मिश्रण. जगातल्या कोणत्याही कुशल हातांना ते निवडता येणार नाही, आणि म्हणून कोणी भंगारवाला ते घेतही नाही. ‘कागद काच पत्रा’ या यादीत न मावणारी ही वस्तू आहे. हे मिश्रण सोडवण्याची जबाबदारी ते करणाऱ्यावर असायला हवी. २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे हे तत्त्व आले.

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळांचे लंगोट यांचेही तसेच. २०१३ साली पुण्यातल्या कचरावेचकांनी असा कचरा उत्पादक कंपन्यांकडेच पाठवून दिला. रोज हजारो बायकांच्या हाताला लागणारी वस्तू एकदा तरी ती बनवणाऱ्यांच्या टेबलावर जावी, हा त्यामागचा हेतू. घराच्या पातळीवरचा उपाय साधा आहे. पॅड कागदात गुंडाळावे आणि वर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडी न उघडता ओळखू येते. एवढा ठिपका काढायला दोन सेकंद लागतात. मण्यांच्या भाषेत सांगायचे तर मणी कोणत्या रंगाचा आहे ही माहिती आपण आधीच पुरवतो.

आणखी एक गोष्ट. ‘लोकसहभाग’ या शब्दाआड महानगरपालिकेने आपली जबाबदारी झटकू नये. हातमोजे, ढकलगाड्या, निवडीसाठी छप्पर असलेली जागा, दवाखान्याची सोय हे सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवे. २००८ चा करार पाच वर्षांचा होता. त्यानंतर मुदत वाढवण्याची वेळ आली तेव्हा ती दरवेळी सहज वाढली नाही, कचरावेचकांना त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. जाळे विणायला वर्षे लागतात आणि एका सहीअभावी ते उसवू शकते. निवडलेले मणी पुन्हा मिसळायला वेळ लागत नाही.

वर्गात काय करता येईल?

सुरुवातीचा साबुदाण्याचा प्रयोग पाचवीपासून पुढे कोणत्याही वर्गात करता येतो. मिसळण्याचा आणि निवडण्याचा वेळ घड्याळ लावून नोंदवावा, मग पाणी घालून पुन्हा करावा.

सातवी-आठवीसाठी प्लॅस्टिकची निवड. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा, तिच्या झाकणाचा एक तुकडा आणि सीडीच्या जुन्या पारदर्शक डबीचा एक तुकडा पाण्यात टाका. झाकण तरंगेल, बाकीचे दोन बुडतील. तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकायला विसरू नका. आता पाण्यात मावेल तेवढे मीठ विरघळवा. डबीचा तुकडा वर येईल, कारण त्याची घनता सुमारे १.०५ आहे आणि संपृक्त मिठाच्या पाण्याची सुमारे १.२. बाटलीचा तुकडा तरीही तळाशीच राहील.

नववीसाठी तीन कुंड्या. पहिलीत नुसता ओला कचरा दाबून भरून झाकण लावा. दुसरीत ओला कचरा आणि वाळलेला पाला थर देऊन भरा, कुंडीला भोके ठेवा. तिसरीत नुसता कोरडा पाला. महिनाभर दर दोन दिवसांनी वास, रंग, उंची आणि मधले तापमान नोंदवा. कुंडी लहान असल्याने ती मोठ्या ढिगाइतकी तापणार नाही. असे का, हे मुलांनाच विचारा. पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर शिकवण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही.

शेवटी, शाळेच्या कचऱ्याचा माग काढता येतो. आपल्या वर्गातली केराची टोपली कोण रिकामी करते, तिथून तो कुठे जातो, निवड कुठे होते आणि उरलेले कुठे पडते, याचा नकाशा मुलांनी काढावा. शक्य असेल तर कचरावेचक ताईंना वर्गात बोलवावे, आणि त्यांनी मुलांना प्लॅस्टिक ओळखायला शिकवावे. त्या दिवशी शिक्षकाची खुर्ची त्यांना द्यावी.

हे करताना मात्र एक काळजी घ्यावी अशी आमची कळकळीची विनंती आहे. ज्या वर्गात आपण हा पाठ घेणार आहोत, त्यातल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची आई हेच काम करत असेल, आणि त्या मुलाने ते आजवर कोणालाही सांगितले नसेल. ‘घाण’ हा शब्द आपण काम करणाऱ्या माणसाला चिकटू देतो की मिसळणाऱ्या हाताला, याकडे ते मूल कान देऊन ऐकत असेल. प्रयोग फसला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतो. ते मूल त्या दिवशी घरी काय घेऊन गेले, हे मात्र पुन्हा बदलता येत नाही.